पान ४७ आणि पान ८३

माझ्या दोषारोपपत्राला १४२ पानं होती. पान ४७ वर निवेदन पंचनामा. त्यात लिहिलंय की मी सकाळी सव्वाअकराला पोलीस ठाण्यात दोन पंचांसमोर स्वखुशीने सांगितलं, कोयता कुठे लपवलाय ते दाखवतो. मग सरकारी जीपमधून सगळ्यांना घेऊन १४ किलोमीटरवरच्या उसाच्या फडात गेलो आणि चारीच्या कडेला पाचटाखालून कोयता काढून दिला. पंचनामा संपल्याची वेळ बारा वाजून दहा मिनिटं.

पान ८३ वर ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा कागद आहे. तारीख तीच, वेळ ११.४०. आरोपीला हवालदाराने तपासणीसाठी आणलं, ताज्या जखमा नाहीत, तक्रार नाही, डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना व्रण. व्रण माझाच आहे. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान, आणि वॉर्निश तापवताना एकदा अंगठा भाजला होता. ‘तक्रार नाही’ असं लिहिलंय, कारण डॉक्टर विचारत होते तेव्हा हवालदार माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

जो माणूस ११.४० ला डॉक्टरांच्या टेबलासमोर अंगठा दाखवत उभा आहे, तो त्याच वेळी १४ किलोमीटरवर पाचट उपसत नसतो. हे कळायला वकिली शिकावी लागत नाही. दोन पानं शेजारी ठेवून बघावी लागतात, बस. न्यायालयात ती शेजारी ठेवली गेली तेव्हा मला आत जाऊन नऊ वर्षं दहा महिने झाले होते.

फेब्रुवारी २००९. कारखाने चालू होते, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग असायची. आमच्या बांधाला बांध असलेले शेतकरी, सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, एका सकाळी चारीत मेलेले सापडले. मानेवर वार. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात बांधावरून त्यांचं आणि माझं चार लोकांसमोर भांडण झालं होतं. मी तोंडाला येईल ते बोललो होतो. ‘बघून घेईन’ असंही म्हणालो होतो. बांधावरच्या भांडणात हे वाक्य आमच्याकडे रोज कुणी ना कुणी म्हणतं. तिसऱ्या दिवशी पोलीस दुकानात आले. मी पाच एचपीची मोनोब्लॉक मोटार भरत होतो. ३६ स्लॉटपैकी निम्म्यात कॉइल घालून झाल्या होत्या. “चौकशीला चल, तासाभरात सोडतो,” म्हणाले. मी दुकानाचं शटरसुद्धा ओढलं नाही. शेजारच्या सायकलवाल्याला ‘लक्ष ठेव’ म्हणालो आणि जीपमध्ये बसलो.

कोठडीतल्या पहिल्या चार दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, एवढंच सांगतो.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण पुरावा कायद्याच्या कलम २७ मध्ये एक वाट होती: आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं चालतं. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात तीच तरतूद कलम २३ मध्ये आली आहे. म्हणून गुन्हा उघड करायचा दबाव असला की हत्यार ‘सापडतं’. ते सापडल्याचे दोन साक्षीदार म्हणजे पंच. माझ्या पंचनाम्यावरच्या पंचांपैकी एकाची सही मी पुढे तुरुंगात आणखी दोघांच्या दोषारोपपत्रांत पाहिली, वेगवेगळ्या सालांची, वेगवेगळ्या गावांची.

खटला दोन वर्षं चालला. आईने एक एकर विकून वकील दिला. त्यांनी त्या पंचाला तीन प्रश्न विचारले आणि खाली बसले. रुग्णालयातल्या डॉक्टरांना साक्षीला बोलावलंच नाही, म्हणून त्यांच्या कागदाला निशाणी क्रमांकही पडला नाही, म्हणजे न्यायालयाने तो पुरावा म्हणून नोंदवलाच नाही. शेवटी न्यायाधीश आरोपीला समोर उभं करून पुराव्यातली एकेक गोष्ट विचारतात, तसं मलाही विचारलं. प्रत्येक प्रश्नाला मी ‘खोटं आहे’ म्हणालो. टायपिस्ट दर वेळी तेच दोन शब्द टाइप करत होता. मला वाटलं होतं की शेवटी कुणीतरी विचारेल, मग खरं काय आहे? तसा प्रश्न नसतो. कोयत्यावर रक्त होतं, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल म्हणत होता ‘मानवी रक्त, गट अनिर्णित’. जुनं भांडण, आदल्या संध्याकाळी दोघांना एकाच रस्त्यावर पाहणारा एक साक्षीदार, आणि कोयता. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण झाली म्हणाले. जन्मठेप.

बाहेर लोक मला विचारतात, आत सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला. मी खरं ते सांगतो: कागदाचा. कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला चालू असलेल्याला, तारीख तरी असते. शिक्षा लागून पक्का झालास की तारीख संपली. उच्च न्यायालयात अपील दाखल झालंय एवढं कळतं, पुढे काही नाही. शिक्षा स्थगितीचा अर्ज फेटाळला गेला तेही मला दीड महिन्याने समजलं. २०१५ मध्ये आई गेली. अभिवचन रजेचा (पॅरोलचा) अर्ज घरच्यांनी त्याच दिवशी टाकला, मंजुरीचा आदेश आला तो दहाव्याच्या दिवशी. मी घरी पोचलो तेव्हा पाहुणे परत निघाले होते.

मुक्त विद्यापीठाचं केंद्र आत होतं. मी बी.ए.ला नाव घातलं, मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं विधी स्वयंसेवकाचं प्रशिक्षण घेतलं. शिकलेल्या पक्क्या कैद्यांना हे प्रशिक्षण देतात, म्हणजे ते आतल्या बाकीच्यांचे अर्ज लिहू शकतात. बराकीत संध्याकाळी बंदी झाल्यावर माणसं आपापली दोषारोपपत्रं घेऊन माझ्याजवळ बसायची. एका वयस्क माणसाची केस मला काही केल्या उमगेना, म्हणून मी वहीवर रेघा मारल्या आणि कोण कोणत्या वेळी कुठे होतं ते कागदाकागदातून उतरवून काढलं. एका ओळीत एक वेळ, एक जागा, एक पान क्रमांक. त्याच्या केसमध्ये काही निघालं नाही. पण त्या रात्री मी माझं दोषारोपपत्र काढलं आणि तसाच तक्ता केला.

१४२ पानं मी तोवर कितीतरी वेळा वाचली होती. पण ज्या पानांवर माझ्याबद्दल खोटं लिहिलं होतं तीच वाचत होतो. पान ८३ वर माझ्याविरुद्ध काहीच नव्हतं म्हणून तिथे कधी थांबलो नव्हतो. त्या रात्री ११.४० लिहिलं आणि वरची ओळ पाहिली. बराकीतला दिवा रात्रभर चालू असतो. मी सकाळची गिनती होईपर्यंत ती वही मांडीवर घेऊन बसलो होतो.

ते होतं २०१४. सुटलो २०१८ च्या डिसेंबरात. मधली चार वर्षं मला ते माहीत होतं आणि मी आत होतो.

विधी साहाय्यातून मिळालेल्या माझ्या उच्च न्यायालयातल्या वकील बाई तेव्हा अगदी नवीन होत्या. मी पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं: ‘दोन्ही पानं पेपरबुकात आहेत का ते आधी पाहते.’ पेपरबुक म्हणजे अपिलासाठी एकत्र बांधलेले खटल्याचे कागद. त्यात पान ८३ नव्हतं. ज्याला निशाणी नाही ते पेपरबुकात येत नाही. मग त्यांनी अपिलात जादा पुरावा घेण्यासाठी अर्ज केला, त्यावर सुनावणी, रुग्णालयातलं मूळ रजिस्टर मागवणं, ते जुन्या दप्तरात सापडणं. रजिस्टरवर माझ्या नावाच्या वरच्या आणि खालच्या रुग्णांच्याही वेळा होत्या, ११.२५ आणि ११.५५. त्या दोन अनोळखी माणसांना मी कधी भेटलो नाही, पण त्यांच्या नोंदींमुळे माझी वेळ नंतर घुसडलेली आहे असं कुणाला म्हणता आलं नाही.

निकालात लिहिलंय की कोयता हस्तगत केल्याच्या पंचनाम्यावर विश्वास ठेवता येत नाही. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय, आरोपीला संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त करण्यात येत आहे. कायद्याच्या भाषेत निर्दोष म्हणजे निर्दोष, संशयाचा फायदा मिळालेला आणि न मिळालेला असा फरक असू नये. गावात तो फरक असतो. “फायदा मिळाला म्हणून सुटला” असं म्हणतात. मला फायदा नको होता. मी ११.४० ला रुग्णालयात होतो, यात संशय कसला?

मला नेलं तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती, परत आलो तेव्हा बारा. आमच्या घरात वडिलांना ‘अरे-तुरे’च करतात, मीही माझ्या वडिलांना ‘ए दादा’ म्हणायचो. ती मला ‘तुम्ही’ म्हणते. अजून म्हणते. आता अठरा पूर्ण झालीत तिला, आमचं चांगलं जमतं, माझ्या भाषणांचे कागद तीच टाइप करते. पण ‘तुम्ही’.

सुटल्यावर काही महिन्यांनी मुद्देमाल परत मिळाला. अटकेच्या वेळी काढून घेतलेलं पाकीट, लाखेचं सील केलेल्या पुडक्यात. सील फोडलं तर आत दुकानाच्या विजेच्या बिलाची पावती, मुलीचा पासपोर्ट साइज फोटो आणि पाचशेच्या दोन जुन्या नोटा. त्या २०१६ साली बंद झालेल्या. बँकेच्या खिडकीत नेल्या, त्यांनी परत दिल्या. मी त्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत.

एवढंच नुकसान असतं तर लिहायला बसलो नसतो. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारींचं देखभालीचं काम मिळत होतं, त्यासाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला लागला. दाखल्यावर गुन्ह्याचा क्रमांक आणि कलम ३०२ ठळक, निर्दोष सुटल्याची नोंद बारीक अक्षरात शेवटी. काम दुसऱ्याला गेलं. अटकेची बातमी फोटोसकट पहिल्या पानावर होती. सुटल्याची कुठे आलीच नाही.

भरपाईचं विचाराल तर कायद्यात आहे. विनाकारण अटक करवली असं दंडाधिकाऱ्याला वाटलं, तर ज्याने पोलिसांकरवी ती करवली त्याच्याकडून जास्तीत जास्त १,००० रुपये. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा आकडा होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ३९९ मध्ये तोच ठेवलाय. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे मी सुटायच्या चार महिने आधी, आपल्या २७७व्या अहवालात सांगितलं होतं की चुकीच्या खटल्यांत भरडलेल्यांसाठी वेगळी तरतूद करा, विशेष न्यायालयं नेमा, पैशाबरोबर समुपदेशन, कामधंद्याचं शिक्षण, नोकरीसाठी मदत हेही द्या. नवीन संहिता आली, त्यात हे आलं नाही. ज्याला उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता आलं त्याला कधीकधी मिळतं. बिहारचे रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटले आणि त्यानंतरही १४ वर्षं तुरुंगातच राहिले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ३५,००० रुपये देवविले. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख. हा हक्क नाही, ज्याच्या त्याच्या नशिबावर आहे.

आणि एक खटला मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, कारण तो आपल्याच राज्यातला आहे. २००३ च्या एका भयंकर हत्याकांडात भटक्या समाजातल्या सहा मजुरांना नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशीच सुनावली. पुढे तेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उघडलं आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. राज्य सरकारने प्रत्येकाला ५ लाख द्यावेत असा आदेश झाला. त्या घटनेतून वाचलेल्या बाईंनी अगदी सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. तो कागद फायलीत होता. सहा माणसं १६ वर्षं आत होती, त्यातली काही वर्षं फाशीच्या कोठडीत, आणि कागद फायलीत होता. हे वाचलं त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही.

मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातून २०१५ मध्ये निर्दोष सुटलेले शिक्षक वाहिद शेख तुरुंगातच कायदा शिकले आणि बाहेर आल्यावर उरलेल्या बारा जणांसाठी दहा वर्षं बोलत राहिले. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकालाला स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत आत जावं लागलं नाही. मी त्यांच्यासारखा मोठा कार्यकर्ता नाही. मी माझ्या तालुक्यात आणि एका तुरुंगात काम करतो. पण आपण सुटलो म्हणून मागच्यांना विसरायचं नाही, ही त्यांची गोष्ट मी मनाशी धरली आहे.

दर गुरुवारी मी आत जातो, त्याच फाटकातून, झडती देऊन. पहिल्या वेळी बाहेरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसलो आणि घरी परतलो. दुसऱ्या गुरुवारी गेलो. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्ची. मला त्यातली वीस-पंचवीस भेटतात. कुणाला वकीलच नाही. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कुणाला जामीन मंजूर आहे आणि तो आतच आहे. परवाचा मुलगा १९ वर्षांचा, मोबाइल चोरीचा आरोप, १५,००० चा हमीदार मिळेना म्हणून पाच महिने बसलेला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. कळवलं गेलं नव्हतं. मी अर्ज लिहिला, तो जातमुचलक्यावर, म्हणजे हमीदाराशिवाय, सुटला. बाहेर त्याची आजी उभी होती, तिने माझ्या हातावर एक पारले-जीचा पुडा ठेवला. तो मी घेतला.

बाकी वेळ मी तक्ते करतो. वेळ, जागा, पान. तालुक्यातल्या चार तरुण वकिलांना तीच सवय लावलीय: निशाणी पडलेले कागद नंतर, आधी निशाणी न पडलेले वाचा. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं, ते प्रत्येक केसमध्ये मागून घ्या. ते असतं तर २००९ मध्ये मला जीपमध्ये बसवून उसात नेल्याचा व्हिडिओ कुठून आणला असता? हे मी पोलिसांच्या प्रशिक्षणातही बोललो आहे. तिथे एक फौजदार नंतर येऊन म्हणाले, “साहेब, आमच्यावर चोवीस तासांत आरोपी दाखवा म्हणून फोन येतात.” मला त्यांचा राग आला नाही. फोन करणाऱ्यांत गावही असतं, हे मला माहीत आहे.

आता काकूंबद्दल. तात्यांची बायको.

मी सुटून आल्यावर त्यांनी रस्ता बदलला होता. मी पूर्वेकडून आलो तर त्या पश्चिमेला वळायच्या. मला त्यात काही चूक वाटली नाही. न्यायालयानेच त्यांना सांगितलं होतं की तुमचा माणूस मी मारला, आणि मग एक दिवस दुसऱ्या न्यायालयाने सांगितलं की नाही. मधल्या दहा वर्षांत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. निकाल कळवायलासुद्धा कुणी गेलं नव्हतं, त्यांना तो दळणाच्या गिरणीवर समजला.

२०२२ च्या उन्हाळ्यात त्यांची विहिरीवरची मोटार जळाली. तालुक्याची दोन्ही दुकानं लग्नसराईत आठ दिवसांचा वायदा करत होती. त्या मोटार टेम्पोत घालून माझ्या दुकानात आल्या. मोटार उतरवली, बाकड्यावर बसल्या, पदर सावरला, आणि बराच वेळ मी तार उकलत असलेली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तू न्हाई, तर मंग कुनी मारलं आमच्या माणसाला?”

नऊ वर्षं दहा महिने माझे गेले तसे त्यांचेही गेले होते. ज्याने मारलं तो त्या सगळ्या काळात मोकळा होता, आजही आहे. मी आत होतो तोवर त्याला शोधायचं कुणाला कारण नव्हतं, आणि मी सुटल्यावरही फाइल बंदच राहिली.

मी आतून दोन्ही पानं आणली आणि त्यांच्यासमोर स्टूलवर ठेवली. त्यांना वाचता येत नाही, पण आकडे येतात, एसटीच्या वेळा आणि दुधाचा हिशेब त्याच बघतात. मी पान ४७ वर ११.१५ दाखवलं, मग १२.१०. मग पान ८३. त्यांनी ११.४० वर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं.

“हे तवा का न्हाई दावलं मला कुनी?” म्हणाल्या.

मोटार मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरून दिली. त्यांनी मजुरीचे पैसे मोजून दिले, मी मोजून घेतले. नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

त्यानंतर त्यांनी पुढील तपासासाठी अर्ज केला. मी लिहिला, सही त्यांची. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की प्रकरण जुनं आहे, कागदपत्रांची पडताळणी चालू आहे. आवक क्रमांकाच्या शिक्क्याची प्रत त्या रेशन कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. दर बाजारच्या दिवशी दुकानात येऊन विचारतात, “आलं का काही?” मी नाही म्हणतो. मग त्या थोडा वेळ बसतात आणि जातात.

तिसरा अर्ज तयार आहे. येत्या सोमवारी आम्ही दोघं जिल्ह्याला जाणार आहोत. सकाळी साडेसातची एसटी आहे. दोन्ही पानांच्या झेरॉक्स मी काढून ठेवल्या आहेत.